टाकी भरली की बंद पडणारी गाडी

मी दिवाळीच्या सुटीसाठी गावी पोचले तेव्हा बाबांच्या मोटारसायकलची चावी दादाच्या खिशात होती.

हे मला कोणी सांगितलं नाही. गाडी अंगणात कडुनिंबाखाली नेहमीच्या जागी उभी होती आणि बाबा खाटेवर तिच्याकडे पाठ करून बसले होते. चहाच्या आधी फडकं घेऊन गाडी पुसणारा माणूस नऊ वाजले तरी जागचा हलत नाही, तेव्हा काय झालं असेल याचा अंदाज येतो. चहाचा कप देताना आई एवढंच म्हणाली, "तुह्या दादाशी तूच बोल. माह्यं कोणी आयकत नाई."

आमचं गाव बोरी अरबपासून चार किलोमीटर आत आहे. बाबांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, दारव्ह्याच्या वाटेवर, रस्ता सोडून आत असलेल्या एका खेड्यात राहते. आमच्या घरापासून तिच्या दारापर्यंत तेवीस किलोमीटर. आत्या एक्क्याऐंशी वर्षांची आहे. तिला आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. मुलगा पुण्याला असतो आणि ती पुण्याला जात नाही. शेजारची एक बाई दोन वेळचं जेवण करून देते. रविवारी बाबा जातात.

बाबा तिथे काय करतात, हे मी बरीच वर्षं नीट विचारलं नव्हतं. ते तिच्या पायाची नखं कापतात, माठ धुऊन भरतात आणि मग दोघं चिंचोक्यांचा डाव मांडतात. पोत्याच्या तुकड्यावर आत्यानं दिसत होतं तेव्हाच जाड सुतळीनं घरं शिवून ठेवली होती. आता ती बोटांनी चाचपत सोंगट्या सरकवते. डाव चार-चार तास चालतो. बस त्या बाजूला रविवारी जवळजवळ नसतेच. उतरल्यावर दोन किलोमीटर चालावं लागतं. थोडक्यात, गाडी नसेल तर रविवार नाही.

नागपंचमीनंतर गाडी रस्त्यात बंद पडू लागली होती. दर वेळी नाही, पण दर महिन्याला दोन-तीनदा. अनोळखी माणसं दादाला फोन करायची: तुमचे वडील इथे रस्त्याच्या कडेला उभे आहेत. दादा कापसाची वेचणी सोडून निघायचा, आणि तो पोचेपर्यंत बाबा गाडी चालू करून पुढे गेलेले असायचे. गावातल्या मेकॅनिकनं दोनदा कार्बोरेटर खोलून साफ केला, प्लग बदलला, पेट्रोलचा पाइप बदलला. दोन्ही वेळा गाडी त्याच्या दुकानात पहिल्या किकला सुरू झाली. तिसऱ्या वेळी तो दादाला बाजूला घेऊन म्हणाला की गाडीत काही नाही, बुढ्याचं वय झालं आहे, पेट्रोलचा कॉक बंदच ठेवून निघत असतील.

मी येण्याच्या आधीच्या रविवारी गाडी पळसाच्या वळणावर बंद पडली. मागून आलेला टिप्पर इतक्या जवळून गेला की हँडलला लावलेला डबा खाली पडून चेपला. दादानं त्या दिवशी चावी काढून घेतली.

भाऊबीज दहा दिवसांवर होती.

"म्या नाई म्हटलं का जाऊ नका म्हणून?" दादा मला म्हणाला. तो शेतातून आला होता, बाहीला कापसाचे तंतू चिकटलेले. "मी नेतो नं भाऊबीजेले. माह्या गाडीवर बसाले काय होते त्याइले?"

"तू नेशीन अन् अर्ध्या घंट्यात चाला चाला करशीन," बाबा खाटेवरून, पाठ न वळवता बोलले.

"वेचणी चालू हाय बाबा. बाया लावल्या हायेत."

"हाव. मंग पोतं टाकल्यावानी मले तठी टाकून ये."

"पाह्य, असं बोलतेत!" दादा माझ्याकडे वळला. "अन् पुन्हा म्हणतेत काय, टाकी भरली का गाडी लवकर बंद पडते! म्या मुद्दाम टाकी फुल करून देल्ली, का पेट्रोलचं तरी कारण नको. तं म्हणे त्याच्यानंच बंद पडते. पोट भरल्यावर झोपाले गाडी काय जावई हाय का?"

बाबांच्या मानेची शीर ताठ झाली. दादाच्या दृष्टीनं हेच बोलणं निर्णायक होतं. गाडी बंद पडते हे वय झाल्याचं लक्षण असू शकतं किंवा नसू शकतं; पण पेट्रोल जास्त असलं की गाडी लवकर थांबते, असं जो म्हणतो त्याच्या हाती गाडी द्यायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. तो घाबरला होता. टिप्परच्या चाकाखाली चेपलेला तो डबा त्यानं टाकून न देता गोठ्यातल्या फळीवर ठेवला होता.

मी सव्वीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. तिथे एक सवय लागते. दोन माणसं दोन गोष्टी सांगत असतील तर कोण खरं बोलतं हे आधी ठरवायचं नाही. कुठे, केव्हा, किती, हे लिहून काढायचं. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बाबांच्या खाटेवर बसले आणि नागपंचमीपासून गाडी जितक्या वेळा बंद पडली तितक्या ओळी आखल्या. दादाच्या फोनमधून तारखा मिळाल्या. बाकीचं बाबांनी सांगितलं.

त्यांना सगळं आठवत होतं. विटाभट्टीजवळ तीनदा. पुढच्या पळसाच्या वळणावर चारदा. एकदा त्याच्याही पुढे, शाळेच्या फाटकासमोर, "मास्तरीनबाईनं पाणी देल्लं होतं तठी." विटाभट्टी घरापासून सहा किलोमीटर, वळण अकरा, शाळा चौदा. गाडीचा मीटर अठरा वर्षांनंतरही चालू आहे, त्यामुळे आकड्यांबद्दल वाद नव्हता. मग मी पेट्रोलचा रकाना आखला. विटाभट्टीजवळ तिन्ही वेळा टाकी भरलेली, आदल्या दिवशी दादानं भरून आणलेली. वळणावर चारही वेळा अर्धी. शाळेसमोर अर्ध्याहून कमी.

"आणि बंदच पडली नाही असं कधी झालं?"

"एकडाव. तवा रिझर्वले आली होती. म्या म्हटलं पाहू तं खरं. गेली नं, सिधी गेली अन् आली."

"बंद पडल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करन? खाली उतरतो. झाकण उघडून आत पाह्यतो. पेट्रोल हाय का पाह्यतो. मंग झाकण लावतो, एक किक मारतो, चालू होते."

"दर वेळी?"

"दरखेपी. पाह्यलं का चालू होते. मंग पुढं मी बंद पडाची वाट नाई पाह्यत, मधी मधी थांबून झाकण उघडून पाह्यत जातो." ते आवाज उतरवून म्हणाले, "हे तुह्या दादाले सांगितलं नाई म्या. थो म्हणन आता डोये लावून गाडी चालू करते बुढा."

शुक्रवारी मी ती वही घेऊन दारव्ह्याला एका जुन्या मिस्त्रीकडे गेले. जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्याच तो हाती घेतो. गाडी नेली नव्हती. चावी मिळाली नव्हती. त्यानं हात पुसून वही घेतली, ओळीवरून बोट फिरवत वाचली आणि विचारलं, "हे कोणं लिवलं?"

"मी. सांगितलं बाबांनी."

"बाबाजीचं डोस्कं साबूत हाय," तो म्हणाला. "मेकॅनिकनं दोनडाव गाडी खोलून जे पाह्यलं नाई थे त्याइनं पाह्यलं. गाडी अठी आणू नका बाई. दुकानात आली का आम्ही पह्यलं काम काय करतो? झाकण उघडून पेट्रोल पाह्यतो. झालं, तेवढ्यानं तिचा रोग पयून जाते. मंग आम्ही म्हणतो गाडीत काई नाई."

त्यानं समोरची पाण्याची बाटली तोंडाला लावून ओढली. बाटली आत दबली. "असं. पेट्रोल खाली उतरते तं वरून तेवढी हवा आत गेली पायजे. झाकणाले त्याच्यासाठी टाचणीएवढं भोक असते. थे बुजलं असंन तं टाकी अशी ओढल्या जाते अन् पेट्रोल खाली येणं बंद. टाकी भरेल असली का वर हवा कमी, मंग लवकर बंद. अर्धी असली का उशिरा." बाटली खाली ठेवून तो पुढे म्हणाला, "पण म्या म्हटलं म्हणून नका मानू. गाडी जठी बंद पडते तठीच पाहा. झाकण उघडायच्या आंधी पाइप काढा. बस."

घरी आल्यावर मी दादाला एवढंच सांगितलं की रविवारी मी बाबांच्या मागे बसून आत्याकडे जाणार आहे. शनिवारी तो स्वतः टाकी गळ्यापर्यंत भरून घेऊन आला आणि चावी माझ्या हातात दिली. "घे. फुल हाय. बंद पडली तं मंग हा विषय पुन्हा काढाचा नाई. मंजूर?" बाबांनी मान हलवली. मी मिस्त्रीचं म्हणणं दोघांनाही सांगितलं नव्हतं. तपासल्याशिवाय छापायचं नाही, ही दुसरी सवय.

रविवारी सकाळी बाबांनी गाडी पुसली. आईनं डबा बांधला. ती आदल्या दिवशी मारुतीच्या देवळात जाऊन आली होती. दर शनिवारी जाते. गाडी निघण्याआधी तिनं गाडीला हात लावून नमस्कार केला, पुटपुटली, आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो. मी हे पाहिलं होतं. पण माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता.

तुरी फुलावर आल्या होत्या. सोयाबीन निघालेल्या वावरांत काही नव्हतं, कापसाच्या वावरांत बाया वाकलेल्या होत्या. बाबा चाळीसच्या पुढे जात नव्हते. विटाभट्टी दिसू लागली तशी त्यांची पाठ ताठ होत गेली. भट्टीच्या अलीकडे इंजिनानं एक आचका दिला, मग दुसरा, आणि आवाज बसत बसत बंद झाला. गाडी आपल्या वेगानं कडेला गेली आणि एका बाभळीशी थांबली.

बाबा उतरले. त्यांनी हेल्मेट काढलं, काखेत धरलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गेली चावी." त्यांचा हात झाकणाकडे गेला.

"उघडू नका, बाबा."

मी त्यांना मिस्त्रीनं सांगितलेलं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग डिकीतून पाना आणि रिकामी बाटली काढली. कॉक बंद करून पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरवरून ओढला आणि त्याचं तोंड बाटलीत धरलं. "आता कॉक उघड," ते म्हणाले. मी उघडला. पाइपातून थोडं पेट्रोल आलं, मग थेंब. मी मोजले. सात थेंब पडले, आठवा पाइपाच्या तोंडाशी लोंबत राहिला. वर टाकीत जवळजवळ दहा लिटर पेट्रोल होतं.

"आता झाकण," मी म्हटलं.

त्यांनी चावी फिरवून झाकण उचललं. टाकीनं दीर्घ श्वास आत ओढल्यासारखा आवाज झाला, आणि त्याच क्षणी पाइपातून पेट्रोलची सरळ धार बाटलीत पडू लागली. बाबा धारेकडे पाहत राहिले. कॉक बंद करायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. अर्धी बाटली भरली तेव्हा मी भानावर आले.

"म्या सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "टाकी भरली का बंद पडते. सांगितलं होतं का नाई?"

"सांगितलं होतं."

ते हसत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस विटाभट्टीसमोर पेट्रोलची बाटली हातात धरून हसत होता आणि भट्टीवरचे दोन मजूर काम थांबवून त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी झाकण उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. कुलपाच्या खाचेभोवती, जिथे ते भोक असायला हवं, तिथे जाड, कडक, शेंदरी थर बसला होता. त्यांनी त्यावर अंगठा घासला. अंगठा केशरी झाला. नाकाशी नेला. तेलाचा वास.

त्यांचं हसू ओसरलं.

"हा मारुतीचा शेंदूर हाय," ते म्हणाले.

आई दर शनिवारी देवळातून तेलात कालवलेला शेंदूर पानावर घेऊन येते. पूर्वी ती तो उंबऱ्याला लावायची. नागपंचमीच्या सुमाराला बाबा एकदा शेतरस्त्यावर घसरले, गुडघा खरचटला, आणि तेव्हापासून ती रविवारी सकाळी गाडीच्या टाकीच्या झाकणाला बोट लावू लागली. गाडी बंद पडायला लागल्यावर दोन बोटं. बाबा रोज गाडी पुसत होते, झाकण सोडून. गावच्या मेकॅनिकनं दोनदा गाडी धुतली होती, झाकण सोडून. देवाचा शेंदूर कोणी पुसत नाही. बाबांचं त्या रस्त्यावरचं थांबणं जसजसं वाढलं, तसतसा तो थर जाड होत गेला होता.

"तुह्या मायले सांगाचं नाई," बाबा म्हणाले.

"मग दादाला काय सांगायचं? त्याला कारण लागेल."

"सांग का म्याच कॉक बंद ठेवत होतो. इसरत होतो."

"मग चावी जाईल."

"जाऊ दे."

"आणि आत्या? भाऊबीज?"

ते पाइप परत बसवत होते. बोटं हळू चालत होती. "तुह्या मायनं तीन महिने जागून काढले," ते म्हणाले. "मी येईपर्यंत जेवत नाई थे रविवारी. तिले आता असं सांगू का तूच मले रस्त्यावर उभं केलं? टिप्पर आला थो तुह्या बोटानं आला?"

मी म्हटलं की निदान आता काडीनं भोक मोकळं करू. त्यांनी झाकण माझ्या हातातून काढून घेतलं. रस्त्याच्या कडेला, काडीनं, मारुतीचा शेंदूर ते खरवडणार नव्हते. मग उरलेले सतरा किलोमीटर आम्ही दर चार-पाच किलोमीटरवर थांबत गेलो. बंद पडायच्या आधीच बाबा गाडी कडेला घ्यायचे, झाकण उघडायचे, टाकी श्वास घ्यायची, आणि आम्ही निघायचो. पळसाच्या वळणावरून आम्ही न थांबता गेलो.

आत्या ओट्यावर बसून होती. गाडीचा आवाज ओळखून तिनं पोतं आधीच अंथरलं होतं. "आज मागं कोण हाय बाबू?" तिनं विचारलं. वजनानं गाडीचा आवाज बदलतो, हे तिनं नंतर समजावून सांगितलं.

बाबांनी नखं कापली, माठ भरला, डाव मांडला. आत्या चिंचोके हातात घोळवून टाकायची आणि किती उलटे पडले ते बोटांनी मोजायची. दोनदा मी तिला एक चिंचोका पालथा करताना पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

"चार," आत्या म्हणाली.

"बाई, तीन हायेत."

"आंधळी मी हाव का तू?"

बाबांनी तिची सोंगटी चार घरं पुढे नेली. तेवढ्यात तिनं विचारलं, "काय झालं? आज भांडून नाई राह्यला तू."

बाबांनी तिला सगळं सांगितलं. जे त्यांनी मला सांगितलं नसतं तेही. आत्यानं ऐकलं, चिंचोके ओंजळीत धरून ठेवले.

"वैनीले सांग," ती म्हणाली.

"तिले लागन बाई."

"लागू दे. मले दिसत नाई तं सारे येऊन मले गोड गोड सांगतेत. सून फोनवर म्हणते सारं बरं हाय. बाईमाणसाले घरात कोणी खरं सांगत नाई बाबू, म्हणून तं ते देवाले इचारत फिरते. सांगून टाक. अन् चाल, तुहा डाव हाय."

संध्याकाळी चारच्या सुमारास आम्ही परत आलो. दादा अंगणात होता, आई सूप घेऊन ओट्यावर. दादानं विचारलं, "पडली का बंद?"

"पडली," मी म्हटलं. "भट्टीजवळ."

दादानं हात पुढे केला. बाबांनी चावी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्यांनी आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि म्हणाले, "म्याच कॉक—"

"नाही," मी म्हटलं. वर्तमानपत्रात चूक छापली गेली तर दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे द्यावी लागते. मी जे झालं ते क्रमानं सांगितलं: टाकी, हवा, भोक, सात थेंब, धार. शेवटी शेंदूर. आईकडे पाहूनच सांगितलं. दादा मध्येच खाली बसला. टाकी कोण भरून आणत होतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

आईनं सूप बाजूला ठेवलं, उठली, आत गेली. बाबा माझ्यावर भडकले होते, पण आवाज न करता. "झालं समाधान?" ते ओठातल्या ओठात म्हणाले.

आई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात केसांचा आकडा, एक वाटी आणि जुन्या लुगड्याचा तुकडा होता. "झाकण द्या," ती म्हणाली.

बाबांनी दादाच्या हातून चावी घेऊन झाकण काढून दिलं. तिनं ते कपाळाला लावलं, मांडीवर कापड पसरून त्यावर ठेवलं आणि आकड्याचं टोक सरळ करून शेंदूर खरवडू लागली. पापुद्रे निघत होते, एकाखाली एक. मी मोजायचं टाळलं. प्रत्येक पापुद्रा ती वाटीत टाकत होती. उद्या तो तुळशीत जाणार होता, पायाखाली नाही. खाली धातू दिसला, मग खाचेजवळ एक काळा ठिपका. तिनं आकडा ठिपक्यात घातला आणि हळूच फिरवला. झाकण तोंडाशी नेऊन तिनं फुंकलं. दुसऱ्या बाजूनं हवा आली. तिनं ती गालावर घेऊन पाहिली.

"एवढंसं हाय नं हे," ती म्हणाली. "मले काय मालूम, गाडीले नाक असते."

मग तिचे डोळे भरले आणि तिनं मान न उचलता बाबांना विचारलं, "टिप्पर किती जवयून गेला होता?"

"लांब होता," बाबा म्हणाले.

"खरं सांगा."

बाबांनी हातानं अंतर दाखवलं. वीतभर. आईनं ते पाहिलं, मान डोलावली आणि पुन्हा आकडा हातात घेतला. कडेला थोडा शेंदूर राहिला होता, तोही काढला.

दादा उठला. तो बाबांची गाडी घेऊन गेला. सव्वा तासानं परत आला तेव्हा मीटरवर बेचाळीस किलोमीटर वाढले होते आणि टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरलेली होती. गाडी कुठेही थांबली नव्हती. त्यानं ती कडुनिंबाखाली लावली आणि चावी काढली नाही. तशीच गाडीला राहू दिली.

भाऊबीजेला सकाळी बाबा नवा सदरा घालून तयार झाले. आईनं डबा दिला, आत्यासाठी साडीची पिशवी दिली. मग ती पानावरचा शेंदूर घेऊन गाडीपाशी आली आणि अडखळली. झाकणाकडे पाहिलं, हेडलाइटकडे, चाकाकडे. "आता कोठी लावू?" तिनं मला विचारलं. "कोठी कोठी भोकं असतेत हिले?"

मला नक्की सांगता येईना. दादालाही येईना.

बाबांनी हेल्मेट काढलं. माझ्या आठवणीत त्यांनी कधी कपाळाला काही लावून घेतलेलं नाही. देवळातही ते बाहेर चपलांपाशी उभे राहतात. ते किंचित वाकले. "अठी लाव," ते म्हणाले. "माह्या डोक्यालेच लाव. थे कोठी फुटलं नाई, तुह्या लेकीनं तपासलं हाय."

"काईच्या काई बोलतेत," आई म्हणाली, पण तिनं लावलं. दोन बोटं.

बाबांनी किक मारली. दादानं फाटक उघडलं. ते सावकाश बाहेर पडले, कोपऱ्यावर वळले आणि दिसेनासे झाले. आई फाटकाला धरून उभी राहिली. गाडीचा आवाज गावातल्या शाळेमागून आला, मग नाल्याच्या पुलावरून, मग तुरीच्या वावरांपलीकडून बारीक बारीक होत गेला. आणि मग काहीच ऐकू येईना.

आईनं दादाचं मनगट धरलं. "बंद पडली का रे?"

दादा जरा वेळ कान देऊन उभा राहिला.

"नाई माय," तो म्हणाला. "दूर गेली."